टाचणीचे ऋण : स्टोरीबोर्डचा भिंतीपासून संगणकापर्यंतचा प्रवास

१/
आज व्हिडिओचे नियोजन करणारे कोणतेही स्टोरीबोर्ड सॉफ्टवेअर उघडले, की रिकाम्या चौकटींची रांग समोर येते. एका चौकटीत एक दृश्य. चौकट उचलावी, दुसरीकडे ठेवावी, नको असेल तर काढून टाकावी. ही सोय संगणकाची देणगी वाटते. प्रत्यक्षात ती सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका साध्या टाचणीने दिली. त्या टाचणीचा, आणि तिने चित्रपटात कोणाच्या हाती काय सोपवले याचा हा इतिहास.

२/
आरंभ अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे होतो, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत व्यंगचित्रपट तयार होत. तेथे चूक फार महाग पडे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात आणि त्यांसाठीची चित्रे हाताने काढावी लागतात. एखादा विनोद फसला हे चित्रीकरणानंतर कळले, तर अनेक माणसांचे कित्येक आठवड्यांचे श्रम केराच्या टोपलीत जात.

३/
कथेची चित्रे आधी काढण्याची पद्धत तेथे होतीच. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’च्या काळात कथेचे आराखडे कॉमिक्सच्या पानासारखे असत : एका कागदावर अनेक चौकटी, शेजारी मजकूर. त्यात एक अडचण होती. चौथी चौकट बदलायची तर सारे पान पुन्हा काढावे लागे. कागदावर क्रम एकदा ठरला, की तो जणू दगडावर कोरला जाई.

४/
ही अडचण सोडवण्याचे श्रेय वेब स्मिथ या चित्रकाराला दिले जाते. पूर्वी वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रे काढणाऱ्या स्मिथ यांनी प्रत्येक प्रसंग वेगळ्या कागदावर काढला आणि ते कागद टाचण्यांनी ओळीने भिंतीवर लावले. नव्याने सजवलेल्या भिंतीला भोके पडल्याने वॉल्ट डिस्ने संतापले, अशी हकिकत स्टुडिओत पुढे सांगितली जाई. राग ओसरल्यावर मात्र त्यांनी या कामासाठी मोठे फळे करवून घेतले.

५/
१९३३ चा ‘थ्री लिटल पिग्ज’ हा संपूर्ण स्टोरीबोर्ड करून बनवलेला पहिला व्यंगचित्रपट मानला जातो. त्यानंतर ‘कथा-बैठक’ ही संस्थाच उभी राहिली. चित्रकार फळ्यासमोर उभा राहून, आवाज काढून, हातवारे करून गोष्ट सांगे. समोर बसलेल्यांना कंटाळा आला, तर तो चित्रपटगृहातील प्रेक्षकांच्या आधी इथेच कळे. मग एक टाचणी निघे आणि एक कागद खाली येई.

६/
स्टोरीबोर्डचे सार या टाचणीत आहे. चित्र सुंदर असण्यापेक्षा ते सुटे असणे महत्त्वाचे. जे सुटे आहे, ते हलवता येते. जे हलवता येते, त्यावर वाद घालता येतो. एकट्या लेखकाच्या डोक्यातील किंवा हस्तलिखितातील कथा या भिंतीवर प्रथमच सर्वांना एकाच वेळी दिसू लागली.

७/
तरीही फळा सर्वज्ञ नव्हता. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये सात बुटके सूप पितात, असा एक प्रसंग होता. अ‍ॅनिमेटर वॉर्ड किम्बॉल यांनी तो दीर्घकाळ खपून हलत्या चित्रांत उतरवला. प्रसंग मजेदार होता, पण त्यापायी कथा रेंगाळत होती. डिस्ने यांनी तो गाळला. फळ्यावरच तो गळाला असता, तर एका कलावंताचे कित्येक महिने वाचले असते. चूक स्वस्तात उरकून घेणे, हे स्टोरीबोर्डचे पहिले काम.

८/
व्यंगचित्रपटातून ही पद्धत माणसांच्या चित्रपटात आली. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) साठी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी विल्यम कॅमेरॉन मेंझिस यांच्याकडून चित्रपटाचे दृश्यरूप आधी कागदावर आखून घेतले. त्याची खरी कसोटी १० डिसेंबर १९३८ च्या रात्री लागली. त्या रात्री अटलांटा शहर जळण्याचा प्रसंग चित्रित व्हायचा होता.

९/
आगीत स्टुडिओच्या आवारातील जुने सेट खरोखर जाळले गेले. ‘किंग काँग’ची भव्य भिंतही त्यांत होती. अशी आग दुसऱ्यांदा लावता येत नाही. नायिकेच्या भूमिकेसाठी अभिनेत्रीची घोषणाही तेव्हा झालेली नव्हती; गाडीत तिच्या जागी बदली स्त्री बसली होती. कॅमेरे कोठे असतील, ज्वाळांसमोरून गाडी कशी जाईल, हे आधीच आखलेले होते. एकदाच मिळणाऱ्या संधीची तयारी करणे, हे स्टोरीबोर्डचे दुसरे काम.

१०/
भारतात चित्रकला आणि चित्रपट यांचे नाते याहून जुने. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री मुळात चित्रकार. म्हणूनच जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखते. महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते पात्रांची, वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने आधी करीत. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सिंहगड’ (१९२३) यांच्यामागे चित्रकाराची नजर होती. ती रेखाटने डिस्नेच्या अर्थाने स्टोरीबोर्ड नव्हती. पण कॅमेऱ्याआधी पेन्सिल, हा क्रम तेथेही होताच.

११/
भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील सर्वात प्रसिद्ध स्टोरीबोर्ड मात्र कोलकात्याचा. सत्यजित राय तेव्हा डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत काम करीत. जाहिरातीचा आराखडा कागदावर मांडून ग्राहकाला पटवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रेही त्यांनीच काढली होती. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच त्यातील दृश्ये त्यांच्या बोटांत उतरली होती.

१२/
राय यांच्याकडे पैसा नव्हता. दिग्दर्शनाचा अनुभव नव्हता. त्यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी चित्रपटाचा कॅमेरा पूर्वी कधी चालवलेला नव्हता. रूढ अर्थाची पूर्ण पटकथाही नव्हती. होती ती एक वही : शाईच्या छटांनी रंगवलेल्या चौकटी, शेजारी टिपणे. ती वही घेऊन ते निर्मात्यांकडे गेले. गाणी नाहीत, नृत्य नाही, नामांकित नट नाहीत. निर्मात्यांनी नकार दिला.

१३/
डिस्नेचा फळा आणि राय यांची वही यांतला फरक येथे लक्षात घ्यावा. फळा होता घरातल्यांसाठी : विचार करण्यासाठी, चित्रे हलवण्यासाठी. वही होती परक्यांसाठी : जो चित्रपट अस्तित्वात नाही, तो समोरच्याला दाखवण्यासाठी. पदरी पैसा नसलेल्या माणसाच्या हातात स्टोरीबोर्ड हे आर्जव होते. पुढे पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने चित्रपट पुरा झाला आणि १९५५ मध्ये प्रदर्शित झाला.

१४/
कागदाची मर्यादाही याच चित्रपटाने दाखवली. पहिले चित्रीकरण ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या पांढऱ्या रानात झाले : अपू, दुर्गा आणि पुढे दिसणारी आगगाडी. उरलेले काम करण्यासाठी मंडळी आठवड्याने परतली, तेव्हा गुरांनी सारी फुले खाऊन टाकली होती. प्रसंग पुरा करण्यासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागले. चौकटीत फुले उभी होती, माळावर नव्हती.

१५/
जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांचीही वेळ अशीच आली. १९७० च्या दशकात या जगप्रसिद्ध दिग्दर्शकाला ‘कागेमुशा’साठी पैसा मिळेना. तरुणपणी चित्रकलेचे धडे घेतलेल्या कुरोसावांनी मग तो चित्रपट रंगांनी कागदावर उतरवायला घेतला. निदान चित्रांतून तरी तो जगासमोर यावा, एवढाच हेतू. पुढे जॉर्ज ल्यूकस आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या प्रयत्नांमुळे अमेरिकन पैसा मिळाला आणि १९८० मध्ये चित्रपट पूर्ण झाला.

१६/
याच सुमारास रिडली स्कॉट या चित्रकला शिकलेल्या दिग्दर्शकाने ‘एलियन’ (१९७९) चे तपशीलवार स्टोरीबोर्ड काढले. ते पाहून स्टुडिओने चित्रपटाचे अंदाजपत्रक ४२ लाख डॉलर्सवरून दुपटीने वाढवून ८४ लाख केले. राय यांच्या वहीला नकार आणि स्कॉट यांच्या चौकटींना दुप्पट रक्कम. चित्र पटवू शकते. पटवून घेण्याची ऐपत समोरच्याकडे असावी लागते.

१७/
कागदावर इतके ठरत असेल, तर चित्रपट नेमका कोणाचा? हा वाद ‘सायको’ (१९६०) वरून पेटला. सुमारे ४५ सेकंदांच्या स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगाचे स्टोरीबोर्ड सॉल बास यांनी काढले होते. तो प्रसंग आपणच दिग्दर्शित केला, असा दावा बास यांनी पुढे केला. अभिनेत्री जॅनेट ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन यांनी तो फेटाळला : सेटवर दिग्दर्शन हिचकॉक यांचेच होते. निर्णय टेबलावर सरकले, की श्रेयाची भांडणेही तेथे सरकतात.

१८/
संगणकयुगाची नांदी कोपोला यांनी केली. ‘वन फ्रॉम द हार्ट’ (१९८२) साठी त्यांनी स्टोरीबोर्डची चित्रे व्हिडिओवर घेतली, त्यांना नटांचे आवाज जोडले आणि चित्रीकरणाआधीच सारा चित्रपट ‘पाहिला’. जसजसे चित्रीकरण होई, तसतशी चित्रांच्या जागी खरी दृश्ये बसवता येत. सेटवर असताना कोपोला बरेचदा उपकरणांनी भरलेल्या एका गाडीत बसून ध्वनिक्षेपकावरून सूचना देत.

१९/
नियोजनाची इतकी साधने याआधी कोणा दिग्दर्शकाच्या हाताशी नव्हती. तरीही खर्च अडीच कोटी डॉलर्सच्या वर गेला, अमेरिकेतील तिकीटविक्रीतून दहा लाखही आले नाहीत आणि कोपोला यांच्या स्टुडिओची वाताहत झाली. पद्धत मात्र टिकली. चित्रांना कालावधी आणि ध्वनी देऊन केलेल्या या कच्च्या फितीला आज ‘अ‍ॅनिमॅटिक’ म्हणतात, आणि त्याच कल्पनेवर पुढची सॉफ्टवेअर उभी राहिली.

२०/
वैयक्तिक संगणक स्वस्त झाले, तसा स्टोरीबोर्ड स्टुडिओबाहेर पडला. ‘स्टोरीबोर्ड क्विक’सारख्या सॉफ्टवेअरने तयार माणसे, खुर्च्या, खोल्या देऊन चित्रकला न येणाऱ्यांची सोय केली. कॅनडातील टून बूम कंपनीचे ‘स्टोरीबोर्ड प्रो’ अ‍ॅनिमेशन व्यवसायात रुजले. वंडर युनिटचे ‘स्टोरीबोर्डर’ तर विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. चौकट काढावी, खाली संवाद लिहावा, दृश्य किती सेकंद टिकेल ते ठरवावे आणि सलग चालवून पाहावे, इतके ते सरळ आहे.

२१/
म्हणजे वेब स्मिथ यांच्या टाचणीला सॉफ्टवेअरने एक नवी गोष्ट जोडली : वेळ. भिंतीवरच्या चित्राला कालावधी नव्हता. तो सांगणाऱ्याच्या अभिनयात असे. आता प्रत्येक चौकटीला सेकंद आहेत. दृश्य लांबले हे चौकटी सलग चालवताच कळते. राय यांच्याजवळ असलेली चित्रकाराची बोटे नसतानाही, मोबाइलवर लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याला आपला न झालेला चित्रपट दुसऱ्याला दाखवता येतो.

२२/
मात्र इतिहासाच्या दृष्टीने येथे एक तोटा आहे. राय यांनी आपली वही पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेझ या संस्थेला दिली होती. मूळ वही पुढे हरवली. तिच्या पानांच्या प्रतिमा शिल्लक होत्या, म्हणूनच २०१६ मध्ये ती पुस्तकरूपाने सर्वांपुढे येऊ शकली. प्रत उरली, म्हणून राय यांनी प्रत्येक दृश्य आधी कसे पाहिले होते ते आज पडद्यावरील चित्रपटाशी ताडून पाहता येते.

२३/
भिंतीवरून उतरलेला कागद निदान कुठल्या तरी खोक्यात पडून राहू शकत असे. सॉफ्टवेअरमध्ये बदललेली चौकट जुन्या चौकटीवरच साठवली जाते. शेवटचा आराखडा राहतो. त्याआधीचे दहा विचार मागे काहीही न ठेवता नाहीसे होतात. कलाकृती घडते कशी, याचा पुरावा मुख्यतः त्या दहा विचारांतच असतो. टाचणीने चूक स्वस्त केली. संगणकाने ती अदृश्यही केली.

२४/
म्हणून आज स्टोरीबोर्ड करणाऱ्या प्रत्येकाला एक लहानशी सवय लावून घेता येईल. मोठा बदल करण्याआधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने, तारखेसह जपून ठेवावी. गाळलेल्या चौकटी एका फोल्डरमध्ये राहू द्याव्यात. त्यांतला एखादा लघुपट उद्या अभ्यासला जाईल तेव्हा तयार चित्रपट सर्वांकडे असेल; शोध घेतला जाईल तो भिंतीवरून उतरवलेल्या कागदांचा.