बडोद्याचे कोश आणि अनेकांचे हात

बडोद्याचे नाव निघाले की लक्ष्मीविलास राजवाडा, दरबारी गायक आणि मल्लांच्या कुस्त्या लोकांना आठवतात. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या नगरात दफ्तरातले कारकून, पाठशाळेतले शास्त्री, आखाड्यातले वस्ताद आणि ग्रंथालयातले सेवक मिळून कोशांच्या कामाला लागले होते, त्या बडोद्याची ओळख आज फार थोड्यांना उरली आहे. कोश हा एकट्याचा ग्रंथ होऊ शकत नाही. ज्यांनी तो केला त्यांतील किती जणांचे श्रेय नोंदले गेले आणि किती जणांचे काळाच्या उदरात गेले, हा प्रश्न विनावेतन लेखकांनी लिहिलेल्या आजच्या विकिपीडियाइतकाच त्या जुन्या कोशांनाही लागू आहे, आणि बडोद्याच्या इतिहासात त्याची एकाहून अधिक उत्तरे सापडतात.

बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव महाराज यांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या दफ्तरात गुजराती आणि मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या, पूर्वापार चालत आलेल्या फार्सी संज्ञा वहिवाटीने दोहोंत मिसळल्या होत्या आणि इंग्रजी कायद्यांची परिभाषा वरून येऊन पडत होती. त्यामुळे एकाच गोष्टीला एक खाते एक शब्द योजी, दुसरे दुसरा, आणि रयतेला हुकुमाचा अर्थ लावता लावता पुरेवाट होई. या गोंधळावर उपाय म्हणून तयार झालेला ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू’ १९३१ साली प्रसिद्ध झाला. राज्यव्यवहारातील इंग्रजी संज्ञा घेऊन तिच्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द देणारा हा अष्टभाषी कोश म्हणजे शिवकालीन राजव्यवहारकोशाच्या परंपरेतील एक मोठे पाऊल होय. रघुनाथपंडितांच्या त्या कोशाचा रोख यावनी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याकडे होता. बडोद्याच्या कोशाने कोणत्याही भाषेला उठवून लावले नाही, सर्वांना एका पंक्तीस बसविले. मात्र ग्रंथाच्या नावात महाराजांचे नाव आहे, आणि एखादा नेमका प्रतिशब्द जुन्या बाडांतून शोधून काढणाऱ्या कारकुनाला मिळणारी पोच बहुधा त्याच्या पगारापुरतीच होती. दरबारी कामाची ती रीतच होती, म्हणून तिला दोष देणे योग्य नव्हे. पण त्या पोचेने मन भरत नाही, हेही खरे.

कोशाला वाचक लागतो आणि वाचकाला ग्रंथालय. १९०६ साली अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये तेथील ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बडोद्यास बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे केले, आणि त्या खात्याने घातलेली अट आजही अभ्यासण्याजोगी आहे: गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने. गावाने हात हलविल्याखेरीज दरबारचा हात पुढे येत नसे. त्याआधीच मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळ ग्रंथालयांच्या रूपाने चरोतरातील खेड्यांत हे काम स्वयंस्फूर्तीने सुरू केले होते. खात्याने त्यांनाच जवळ केले, ही महाराजांची गुणग्राहकता. जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारखे ग्रंथपाल याच खात्यात होते, आणि येथून निघणारे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत छापले जाई.

परंतु बडोद्याच्या कोशकार्यातील सर्वांत विलक्षण कृती दरबाराच्या दफ्तरातून निघाली नाही, ती आखाड्याच्या तांबड्या मातीतून निघाली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत बडोद्याहून प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९५० मध्ये याच परिश्रमांचे सार सांगणारा एकखंडी इंग्रजी कोशही त्यांनी येथूनच काढला. कुस्ती, मल्लखांब, दंड, बैठका, जोर, जोडी, लाठी, लेझीम, सूर्यनमस्कार, आसने आणि गावोगावचे खेळ, एवढा पसारा एका कोशात बसविणे किती अवघड होते हे कळायला त्या विद्येचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. व्याकरण शास्त्र्याच्या पोथीत असते, महसुलाची परिभाषा वहीत असते, पण धोबीपछाड वा मल्लखांबावरची उडी ही वस्तादाच्या अंगात असते. ती शिष्याच्या अंगात उतरते तेव्हाच जगते, आणि वस्ताद निपुत्रिक वा निःशिष्य वारला तर त्याच्याबरोबर जळून जाते. अशा विद्येला लिपी द्यायची म्हणजे कोणीतरी ती करून दाखविली पाहिजे, तोल सांभाळून क्षणभर त्याच अवस्थेत थांबले पाहिजे, दुसऱ्याने तिचे चित्र टिपले पाहिजे आणि तिसऱ्याने, पाय कोठे, पकड कोठे, श्वास कधी, हे मराठी वाक्यात मांडले पाहिजे. शिवाय वस्तादाने आपले राखून ठेवलेले हातचे डाव सांगायला राजी झाले पाहिजे, आणि हे तर सर्वांत दुर्घट. कारण गुरुमुखातून गुरुपुत्राकडे जाणारी गोष्ट छापील खंडात घालणे म्हणजे घराण्याची मिरासच सर्वांना वाटून टाकणे होय.

अशा औदार्याला बडोद्यात भूमी तयार होती, ती वस्ताद जुम्मादादांच्या व्यायाममंदिराने. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी तेथे व्यायामाला एका घराण्याच्या गुपितातून काढून सर्वांच्या शिक्षणाचा विषय केले, सांघिक व्यायामाच्या आज्ञा देशी भाषेत आणल्या आणि दूरदूरच्या तरुणांना शिकविले; जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांच्याकडे शिकले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभारून योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या त्या पुरुषाच्या घडणीत बडोद्याच्या मातीचा वाटा मोठा आहे. माणिकरावांना बडोद्याच्या दरबाराने ‘राजरत्न’ ही पदवी दिली. ही पदवी म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हती. आखाड्यात घाम गाळणाऱ्या माणसाला दरबाराच्या मानकऱ्यांत विद्वानांच्या बरोबरीने बसविण्याचा तो जाहीर संकेत होता. मी त्या संकेताला फार महत्त्व देतो. ज्या समाजात हाताने करण्याच्या विद्येला कनिष्ठ मानले जाते, त्या समाजात वस्तादाचा सन्मान हीच व्यायामकोशाची खरी प्रस्तावना ठरते.

त्या दहा खंडांच्या तेरा वर्षांत काय काय घडले पाहा. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव महाराज निवर्तले, दुसरे महायुद्ध येऊन गेले, देश स्वतंत्र झाला, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या दरबाराच्या छायेत काम सुरू झाले ते छत्रच शेवटचा खंड निघाला त्या वर्षी उरले नाही, तरी काम पुरे झाले. संपादकाचे नाव मुखपृष्ठावर आहे आणि ते तेथे असणे न्याय्यच आहे. परंतु चित्रांतील देह, ज्यांनी आपले तारुण्य उभे करून दाखविले, ते पिळदार बाहू, ते मल्लखांबावर आडवे ताठ झालेले तरुण, त्यांचे काय?

श्रेयाचे दुसरे उत्तर बडोद्याच्याच प्राच्यविद्यामंदिराने दिले आहे. १९२७ मध्ये स्थापन होऊन पुढे बडोद्याच्या विद्यापीठात समाविष्ट झालेल्या या संस्थेने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत प्रसिद्ध केली. बालकांड गो. ह. भट्ट यांनी, अयोध्या आणि युद्ध प. ल. वैद्यांनी, अरण्य दिवाणजींनी, किष्किंधा मांकडांनी, सुंदर झाला यांनी आणि उत्तर उमाकांत शहांनी, अशी सहा संपादकांची ही वाटणी होती. शारदेपासून मल्याळमपर्यंत अनेक लिप्यांतील हस्तलिखिते समोर ठेवून श्लोकाश्लोकाची तुलना करण्यात आली. या आवृत्तीचे पान उघडले की वर स्वीकृत पाठ दिसतो आणि खाली, बारीक अक्षरात, नाकारलेला प्रत्येक पाठ कोणत्या पोथीतला आहे याचा संकेत दिसतो. बंगालातल्या कोणा अज्ञात लेखकाने शतकांपूर्वी घातलेला एखादा चरण संपादकांनी बाजूस काढला, पण पुसला नाही. तो कोठून आला त्याचा दाखला तेथेच ठेवला. ज्याचे लेखन मान्य झाले नाही त्याचाही माग राखणे, यापरता प्रामाणिक सन्मान मला दिसत नाही.

मराठीत या प्रामाणिकपणाचे आणखी एक उदाहरण आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल जमवून ज्ञानकोश मंडळ उभे केले, तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला, आणि १९२७ मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात त्या मंडळाचा इतिहास लिहून ठेवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते पुढे चिंतामण गणेश कर्व्यांसह ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घडविते झाले. एका कोशाने दुसऱ्या कोशाचे कोशकार घडविले.

आता सुरुवातीस उल्लेखिलेल्या विकिपीडियाकडे वळू. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या या कोशाची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासूनची आहे. तेथे ना भागधारक, ना दरबार. नवखा ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर हात बसवितो, वादाचा निर्णय ‘चावडी’ या सामायिक पानावर चर्चेने वा कौलाने होतो, देखरेख करणारे प्रचालकही सदस्यांतूनच निवडले जातात. प्रत्येक लेखाच्या मागे इतिहासाचे पान असते, आणि त्यावर कोणी कोणत्या क्षणी कोणता शब्द घातला वा काढला हे नोंदले जाते. रामायणाच्या पानाखालच्या पाठभेदांशी या नोंदीचे नाते ओळखायला प्राच्यविद्येचा पंडित असावे लागत नाही. शिवाय एका सदस्याने दुसऱ्याच्या पानावर ताऱ्याच्या आकाराचे गौरवचिन्ह लावण्याची चाल २००३ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावर सुरू झाली. वर्षाची बिदागी नाही, सनद नाही, देणाराही सहकारीच. तरी रात्री जागून संदर्भ तपासणाऱ्याला एका बरोबरीच्या माणसाने ‘मी पाहिले’ असे सांगणे हे ‘राजरत्ना’पेक्षा हलके नव्हे. दरबाराची पदवी वरून येत असे. ही शेजारून येते, आणि कामाची पारख असलेल्याकडून येते, म्हणून मला ती अधिक आवडते.

या पद्धतीत एक न्यून उरते. इतिहासाचे पान टंकलेला शब्द नोंदते, त्या शब्दामागचा देह नोंदत नाही. मल्लखांबावरचा लेख कोणी लिहिला हे वेळेसह कळेल. पण त्यातील पकडीचे वर्णन ज्या वस्तादाने करून दाखविले त्याचे नाव लिहिणाऱ्याने स्वतः लिहिले नाही तर यंत्र ते लिहिणार नाही. ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड जुन्या ग्रंथालयांत ज्यांना सापडतील त्यांनी त्यांतील चित्रे बडोद्याच्या वृद्धांसमोर ठेवावीत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत अजून अशी घरे असतील की जेथे एखादे आजोबा चित्रावर बोट ठेवून सांगतील, हा अमक्याचा थोरला भाऊ, हा तमक्याचा मामा. ती नावे, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या नावासह, त्या त्या लेखांच्या चर्चापानावर नोंदविण्याचे काम बडोद्याच्या मराठी मंडळींनी याच वर्षी हाती घ्यावे.