खासगी रस्ता आणि सरकारी पोलीस

अमेरिकेतील अनेक वस्त्यांमध्ये घरमालकांचा संघ आपल्या मालकीच्या रस्त्यावर वेगमर्यादा पाळली जावी म्हणून नगरपालिकेशी किंवा काउंटीशी लेखी करार करतो, आणि त्या करारानुसार गणवेशातील पोलीस ठरलेल्या तासांपुरता त्या रस्त्यावर उभा राहून सरकारी कायद्याखाली दंड करतो. त्या तासांचा खर्च मात्र संघ सभासदांच्या वर्गणीतून भरतो. जे रस्ते सरकारी व्यवस्थेवर विसंबून राहायचे नाही या इच्छेतून खासगी ठेवले गेले, त्यांच्यावरच पुढे सरकारला पैसे मोजून बोलवावे लागले, या स्थित्यंतराला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी एकच अडचण दिसते, ती अशी की करार फक्त करार करणाऱ्यांना बांधतो, पण रस्त्यावर येणारे वाहन कोणाचेही असू शकते.

या इतिहासाचे सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुइस शहर. यादवी युद्धानंतर हे शहर कारखान्यांच्या धुराने आणि मालवाहू गाड्यांच्या वर्दळीने भरून गेले होते, आणि कोणत्या भागात घरे असावीत व कोणत्या भागात कारखाने, हे ठरवणारा क्षेत्रविभागणीचा कायदा तेथे 1918 पर्यंत नव्हता. या अवस्थेत जर्मनीत जन्मलेल्या ज्युलियस पिट्झमन या भूमापकाने 1868 मध्ये बेंटन प्लेस आणि 1870 मध्ये व्हँडेव्हेंटर प्लेस यांची आखणी केली. त्यांचे वैशिष्ट्य असे की दोन्ही बाजूंच्या भूखंडांबरोबर मधला रस्ताही भूखंडधारकांच्या सामाईक मालकीचा राही, त्याची व्यवस्था त्यांनी नेमलेले विश्वस्त पाहत, आणि फरसबंदी, दिवे, झाडे व पहारा यांचा खर्च प्रत्येक भूखंडावर बसवलेल्या वर्गणीतून होई. खरेदीखताला जोडलेल्या अटी जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जात, म्हणजे घर विकत घेणाऱ्याने त्या अटींवर स्वतः सही केली नसली तरी त्या त्याला लागू होत. 1888 मध्ये आखलेल्या पोर्टलंड प्लेस आणि वेस्टमोरलंड प्लेस या रस्त्यांना भव्य दगडी कमानी मिळाल्या, आणि त्या कमानींशी उभा असलेला पहारेकरी हीच त्या काळची वाहतूक व्यवस्था होती.

घोडागाडीच्या काळात एवढी व्यवस्था पुरत असे. गाडीचा वेग माफक होता, फाटकाशी थांबल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि ज्याला आत येऊ द्यायचे नाही त्याला परत पाठवणे एवढेच पहारेकऱ्याचे काम होते. दंड करण्याचा प्रश्न क्वचितच येई. त्याच सुमारास लंडनमध्ये उलटा प्रवाह चालू होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ब्लूम्सबरी भागात ड्यूक ऑफ बेडफर्डच्या जमिनींवरील रस्त्यांना दीर्घकाळ अडसर आणि फाटके होती व त्यांवर गणवेशधारी राखणदार बसत, परंतु शहराच्या रहदारीला होणारा हा अडथळा असह्य ठरल्यामुळे पार्लमेंटने 1890 आणि 1893 मध्ये कायदे करून ती काढून टाकली. लंडनने रस्ता शहराला परत दिला, सेंट लुइसमधील श्रीमंतांनी तो शहरापासून वेगळा राखला, आणि अमेरिकेत पुढे दुसरी वाट रुंदावत गेली.

या वाटेची काळी बाजू झाकून इतिहास सांगता येणार नाही. खरेदीखतातील ज्या अटींनी धूर, दुकाने आणि मालगाड्या दूर ठेवल्या, तशाच अटींनी विसाव्या शतकात अनेक वस्त्यांमधून कृष्णवर्णीय कुटुंबांनाही दूर ठेवले. 1917 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांना वंशावरून वस्त्या विभागण्यास मनाई केल्यावर या खासगी अटींचा वापर वाढला, आणि अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत हा निर्णय 1948 मध्ये झाला तोही सेंट लुइसच्याच लॅबडी अॅव्हेन्यूवरील एका घराच्या खटल्यात. हा मुद्दा वाहतुकीशीही जोडलेला आहे. खासगी करार जेव्हा स्वतःच्या बळावर टिकत नाही तेव्हा तो सरकारी हाताची मदत मागतो, आणि ती मदत कोणत्या अटीवर द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तेव्हापासून समाजाकडे येतो.

मोटारीने पहारेकऱ्याची ही जुनी व्यवस्था मोडली. अपघातांची संख्या भयावह वाढल्यामुळे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी 1924 मध्ये रस्ते-सुरक्षेची राष्ट्रीय परिषद बोलावली, आणि तिच्या कामातून 1926 मध्ये राज्यांनी स्वीकारावी अशी एकसमान वाहन संहिता तयार झाली. या नमुना कायद्यातील वाहतुकीचे बहुतेक नियम ‘हायवे’साठी आहेत, आणि हायवे म्हणजे येथे केवळ महामार्ग नव्हे, तर सरकार ज्याची देखभाल करते व जो जनतेच्या रहदारीला खुला आहे असा कोणताही रस्ता. दारू पिऊन गाडी चालवणे किंवा बेदरकारपणे चालवणे यांसारखे गंभीर गुन्हे मात्र रस्त्याबाहेरही लागू ठेवले गेले. परिणामी खासगी रस्त्यावर एक विचित्र पोकळी उरली: तेथे मद्यधुंद चालकाला पोलीस पकडू शके, पण थांबा-फलक ओलांडून जाणाऱ्या शुद्धीवरच्या चालकाला साधारणतः हातही लावू शकत नसे.

ही पोकळी मूठभर श्रीमंत रस्त्यांपुरती होती तोवर तिची फारशी फिकीर कोणाला नव्हती. 1960 नंतर मात्र खासगी रस्ता मध्यमवर्गाच्या वाट्याला आला. सामाईक जागा असलेल्या वस्त्यांतील घरांच्या कर्जांना केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने विमा देण्याचे धोरण स्वीकारले, 1964 मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूटने घरमालक संघ कसा बांधावा याची विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि विकसकांना कमी जागेत अधिक घरे बसवण्याचा सोपा मार्ग सापडला. नगरपालिकांनाही हे सोयीचेच होते, कारण रस्ता खासगी राहिला की त्याची दुरुस्ती, दिवे आणि बर्फ हटवणे यांचा भार तिजोरीवर पडत नसे, मालमत्ताकर मात्र पूर्ण मिळे. कॅलिफोर्नियात 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ या जनमताने मालमत्ताकरावर मर्यादा आल्यावर हे आकर्षण आणखी वाढले. अशा संघांची मध्यवर्ती संस्था देत असलेल्या आकड्यांनुसार 1970 मध्ये देशात सुमारे 10,000 संघ होते आणि आता ते साडेतीन लाखांहून अधिक आहेत. कोट्यवधी लोक अशा संघांच्या वस्त्यांत राहू लागले, आणि त्यांपैकी ज्या वस्त्यांचे रस्ते खासगी होते तेथे भरधाव गाडीची तक्रार पोलिसांकडे नेली की ती परत येऊ लागली.

संघांनी आधी स्वतःच्या नियमांनी काम भागवण्याचा प्रयत्न केला. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार संघ नियमभंगासाठी दंड आकारू शकतो, पण तो प्रत्येक भंगासाठी सामान्यतः 100 डॉलरपर्यंत, आधी नोटीस देऊन आणि संचालकांपासून स्वतंत्र अशा समितीपुढे सुनावणी करूनच. हा दंड घराच्या खात्यावर चढतो, चालकाच्या परवान्यावर नाही. पाहुण्याच्या चुकीचा भुर्दंड यजमानाला बसू शकतो, पण पार्सल पोहोचवून निघून गेलेल्या चालकापर्यंत तो पोहोचत नाही. संघाच्या पहारेकऱ्याला गाडी थांबवण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न इलिनॉयमधील लेक हॉलिडे या सरोवराकाठच्या वस्तीतून न्यायालयात गेला. तेथे 2008 मध्ये ताशी 25 मैलांच्या मर्यादेच्या रस्त्यावर 34 मैलांनी गाडी चालवणाऱ्या एका सभासदाला संघाच्या सुरक्षा अधिकाऱ्याने थांबवले होते. अपील न्यायालयाने हे खासगी व्यक्तीने पोलिसी सत्ता हाती घेणे मानले, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल फिरवला. सभासदाने संघाचे नियम स्वीकारलेले आहेत आणि संघ ते स्वतःच्या हद्दीत सभासदावर लागू करतो आहे, या भूमिकेवर हा निकाल उभा आहे. म्हणजे संघ जिंकला तोही सभासदत्वाच्या कुंपणाच्या आतच.

कुंपणाबाहेरून येणाऱ्यासाठी राज्याचा कायदाच आत आणणे भाग होते, आणि त्यासाठी निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे दरवाजे उघडले. कॅलिफोर्नियात मालकांच्या मागणीवरून नगरपरिषद ठरावाने वाहन संहिता खासगी रस्त्याला लागू करू शकते. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, संघ नगरपालिकेकडे ‘टायटल 39’ची, म्हणजे राज्याच्या वाहन कायद्याच्या अंमलबजावणीची, विनंती करतात. यांत सर्वांत तपशीलवार तरतूद फ्लोरिडाची आहे. तेथील वाहतूक कायद्याच्या कलम 316.006 नुसार रस्त्याचा मालक आणि नगरपालिका यांच्यात लेखी करार होऊन नियामक मंडळाने तो मंजूर केला की रस्ता पोलिसांच्या वाहतूक अधिकारक्षेत्रात येतो, आणि करारात प्रत्यक्ष खर्चाची भरपाई, दायित्व विमा आणि नुकसानीची हमी यांची कलमे घालता येतात. करार काउंटीशी असेल तर आधी शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा, सल्ला घ्यावा लागतो, आणि त्याने लेखी सूट दिली नाही तर 1 ऑक्टोबरपूर्वी, म्हणजे काउंटीचे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, तो अमलात येत नाही. मनुष्यबळाची जुळणी आधी आणि अधिकार नंतर, हा त्यातला शहाणपणाचा क्रम आहे. फलकांनाही सरकारी मापदंड लागू होतात. संघाने हौसेने लावलेला वेगळ्या रंगाचा किंवा आकाराचा फलक न्यायालयात दंडाचा आधार म्हणून टिकणे कठीण असते.

पैसे देऊन पोलीस मागवण्याची कल्पना भारतालाही नवी नाही. 1861 च्या पोलीस कायद्याच्या कलम 13 मध्येच मागणी करणाऱ्या व्यक्तीच्या खर्चाने जादा पोलीस नेमण्याची सोय होती, आणि 1951 च्या मुंबई, आता महाराष्ट्र, पोलीस कायद्याच्या कलम 47 मध्येही ती आहे. वाहतुकीच्या बाबतीत मात्र 1988 चा मोटार वाहन कायदा मालकीऐवजी प्रवेशाकडे पाहतो: जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे तो रस्ता किंवा ती जागा ‘सार्वजनिक स्थळ’ ठरते, मग जमीन कोणाच्याही नावावर असो. ही कसोटी अमेरिकेतील मालकीच्या कसोटीपेक्षा अधिक न्याय्य आहे, कारण अपघाताची भीती सातबारा पाहून येत नाही.

अमेरिकेतील घरमालकांची तक्रार अशी की मालमत्ताकर भरूनही रस्त्याचा खर्च आणि पोलिसांचा खर्च त्यांनाच सोसावा लागतो, म्हणजे एकाच सेवेसाठी दुहेरी भरणा होतो. ही तक्रार पोकळ नाही; न्यू जर्सीने 1990 च्या सुमारास कायदा करून खासगी वस्त्यांतील बर्फ हटवणे, दिवे आणि कचरा यांचा भार नगरपालिकांवर टाकला, तो याच युक्तिवादावर. परंतु पोलिसांच्या बाबतीत दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पोलीस भाड्याने देण्याच्या पद्धतीचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट रीस यांनी 1988 मध्ये राष्ट्रीय न्याय संस्थेसाठी केला, तेव्हा त्यांनी तीन प्रकार वेगळे केले: अधिकारी स्वतः गिऱ्हाईक शोधतो, कर्मचारी संघटना त्याला काम मिळवून देते, किंवा खात्याकडेच मागणी येऊन खाते अधिकारी नेमते आणि मोबदला स्वतः वसूल करते. खासगी रस्त्यांसाठी तिसरा प्रकारच स्वीकारार्ह मानावा लागतो, कारण पहिल्या दोहोंत रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपले पैसे कोणाकडून येतात हे विसरणे अवघड जाते. खात्यामार्फत झालेल्या करारात संघाने दिवस, तास आणि ठिकाण सुचवावे. कोणाला थांबवायचे आणि कोणाला सोडायचे यात त्याला शब्दही नसावा, आणि संघाच्या अध्यक्षाची गाडी आणि बागकामाला येणाऱ्या मजुराची गाडी यांना एकाच यंत्राने मोजावे. दंडाची रक्कम राज्याच्या आणि स्थानिक संस्थेच्या खात्यांत जाते, संघाला त्यातून काही मिळत नाही, ही तरतूद म्हणूनच मोलाची आहे. तिच्यामुळे संघाला अधिक दंड व्हावेत असे वाटण्याचे आर्थिक कारण उरत नाही.

वर्गणीची बिले पाहणाऱ्या सभासदांना अनेकदा असेही आढळते की थांबवल्या गेलेल्या गाड्यांत बाहेरच्यांइतक्याच, कधी अधिक, स्वतःच्या वस्तीतल्या गाड्या असतात, आणि मग करार चालू ठेवायचा की नाही यावर संघाच्या सभेत मतदान होते.