माचा, संत्र्याची साल आणि मोरीतलं पाणी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त अगदी घरगुती आहे, पण त्याच्या मागे जाता जाता थेट चीनपर्यंत पोचले, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

तर झालं असं. लेक ऑफिसच्या कामासाठी जपानला गेली होती. येताना माचाचा एक छोटासा डबा घेऊन आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, माचा म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड. पानं उकळायची, गाळायची, चोथा टाकायचा, ही भानगडच नाही. पूड गरम पाण्यात घुसळायची आणि अख्खं पानच पोटात घालायचं. चहाच्या इतिहासावर माझं थोडंफार वाचन आहे, त्यामुळे डबा बघून लेकीपेक्षा मीच जास्त खूश.

रविवारी सकाळी मस्त थंडी पडली होती. मी स्वयंपाकघरात गेले तर पातेल्यात सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, आलं आणि लवंगा उकळतायत, आणि लेक ते पाणी माचावर ओतायच्या बेतात!

"अगं, अगं, काय करतेस! एखाद्या जपानी माणसाने बघितलं तर चक्कर येऊन पडेल. इतका शुद्ध चहा आणि त्यात मसाला?"

तिने मान वर न करता विचारलं, "आई, अमरावतीच्या आत्याआजीलाही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस ना?"

मी गप्प. ही गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती, हसत हसत. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

माझी आत्या अमरावतीला असायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून तिच्याकडे जायचो. तिच्या गच्चीवर एका सुपात संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या असायच्या, आणि सकाळच्या गारठ्यात ती त्या साली, सुंठ आणि गूळ घालून बिनदुधाचा चहा करायची. मी तेव्हा सातवीत होते आणि पुण्याची असल्याचा भलताच ताठा होता. घरात पाहुणे बसलेले असताना मी कपात डोकावून म्हटलं, "शी! हे तर मोरीतलं पाणी दिसतंय. साली काय तरंगतायत, आणि हे काळं काळं काय आहे?"

आईने डोळे वटारले. आत्या हसली. उठली, आणि छोट्या पातेल्यात माझ्यासाठी दूध-साखरेचा वेगळा चहा करून आणला. पुढे कितीतरी वर्षं, माझं लग्न झाल्यावरसुद्धा, मी गेले की ते छोटं पातेलं निघायचं. "हिला पुण्याचा लागतो बाई," म्हणायची. तो साली घातलेला चहा तिने मला पुन्हा कधी दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

असो. लेकीने मला कोड्यात टाकलं होतं. शुद्ध चहा म्हणजे काय, आणि तो शुद्ध कधीपासून झाला? कपाटातली पुस्तकं काढली आणि तीन-चार दिवस त्यातच गेले.

चहावरचा जगातला पहिला मोठा ग्रंथ लिहिला चीनच्या लू यू याने, आठव्या शतकात, थांग राजवटीत. ग्रंथाचं नाव 'छा चिंग'. चहाचं झाड, अवजारं, पाणी, भांडी, सगळं त्यात आहे. त्या काळी पानं वाफवून, कुटून त्याच्या वड्या करत. प्यायच्या वेळी वडी भाजायची, दळायची आणि पूड उकळत्या पाण्यात टाकायची. म्हणजे पूड चहाची परंपरा इतकी जुनी. आणि याच ग्रंथात लू यू लोकांवर चिडलेला आहे. लोक म्हणे चहात पातीचा कांदा, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असलं काय काय घालून रटारटा उकळतात. असला चहा आणि गटारात ओतून दिलेलं पाणी यात त्याला काही फरक दिसत नाही. आणि तरी लोक ते सोडत नाहीत, हे त्याचं खरं दुःख!

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. बाराशे वर्षांपूर्वीचा एक थोर पंडित आणि अमरावतीच्या ओसरीवर बसलेली सातवीतली आगाऊ मुलगी, दोघांना एकच उपमा सुचली होती. आणि संत्र्याची सालसुद्धा तीच.

गंमत पुढेच आहे. याच लू यूने चहाविषयीचे जुने उल्लेखही आपल्या ग्रंथात गोळा केले आहेत. त्यातल्या एका उताऱ्यात नैर्ऋत्येकडच्या भागातल्या लोकांची कृती आहे. चहाची वडी लाल होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, भांड्यात घालून वर कढत पाणी ओतायचं आणि चवीला कांदा, आलं, संत्रं. कांदा सोडला तर माझ्या लेकीने रविवारी दुसरं काय केलं होतं? म्हणजे फळं आणि मसाले ही पूड चहात शिरलेली आजकालची घुसखोरी नव्हे. ती आधीपासून घरात होती, शुद्धपणा मागून आला. आणि स्वतः लू यू? तो चहात चिमूटभर मीठ घालायचा. :-)

पुढे सोंग राजवटीत पूड चहाचे अतोनात लाड झाले. पूड आणखी बारीक झाली, आणि ती पाण्यात उकळण्याऐवजी वाडग्यात घालून वर पाणी ओतून फेस आणण्याची रीत आली. इ.स. १०५० च्या सुमारास त्साइ श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटासाठी चहावर एक छोटी पोथी लिहिली. त्यात तो सांगतो की दरबारात जाणाऱ्या चहात सुगंधासाठी थोडा कापूर घालतात. हा साधा कापूर नव्हे, बोर्निओकडून येणारा, आपण ज्याला भीमसेनी म्हणतो त्या जातीचा. तीर्थात घालतात तो! पण जिथे हा चहा पिकतो तिथले लोक कापूर घालत नाहीत, चहाचा स्वतःचा वास जाईल म्हणून. आणि चहा करतानाच त्यात फळं नि सुगंधी वनस्पती मिसळल्या तर वास आणखीच मारला जातो, म्हणून त्या मुळीच घालू नयेत, असं त्याचं मत. आता तुम्हीच सांगा, कोणी घालतच नसतं तर घालू नका हे लिहायची पाळी कशाला आली असती?

११०७ साली सम्राट ह्वेइत्सोंगने तर स्वतःच चहावर ग्रंथ लिहिला. पाणी एकदम ओतायचं नाही, सात वेळा थोडं थोडं ओतायचं, प्रत्येक वेळी घुसळायचं. त्याच्या लेखी उत्तम चहाचा रंग पांढरा, हिरवा नव्हे. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून वाडगे काळे. (फेसात रमलेल्या या राजाचं राज्य ११२७ मध्ये जुर्चेन टोळ्यांनी घेतलं आणि तो कैदेतच मेला. पण तो निराळा विषय.) पुढे १३९१ मध्ये मिंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाने दरबारात चहाच्या वड्या पाठवण्याची सक्ती बंद केली, त्याऐवजी सुटी पानं मागवली. हळूहळू चीनमध्ये पूड चहा मागे पडला.

पण तोवर तो समुद्र ओलांडून गेला होता. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतला, आणि चहा पिण्याने आयुष्य वाढतं असं सांगणारा ग्रंथ त्याने १२११ मध्ये लिहिला. १२१४ मध्ये शोगुन सानेतोमो आदल्या रात्रीच्या दारूने बेजार झाला होता, तेव्हा एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत हा ग्रंथही दिला, अशी नोंद आहे. औषध आणि त्याची जाहिरात एकदमच!

एइसाईचं म्हणणं आपल्या आजीबाईंना लगेच पटलं असतं. शरीरातल्या पाच इंद्रियांना पाच रस लागतात. यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट, हृदयाला कडू, प्लीहेला गोड, मूत्रपिंडाला खारट. बाकीचे रस आपल्या लोकांच्या पोटात जातात, कडू तेवढं जात नाही, म्हणून हृदय दुबळं राहतं, म्हणून चहा प्या. मी बोटांवर मोजलं. माचा कडू, आलं तिखट, गूळ गोड, सफरचंद थोडं आंबट. लेकीच्या पेल्यात पाचापैकी चार रस होते, आणि पाचवा, मिठाचा, लू यू पुरवायला तयार होता. शिवाय एइसाईच्या ग्रंथाचा दुसरा भाग चहावर नाहीच, तो मुख्यतः तुतीवर आहे, आणि त्यात आल्याचा नि लवंगेसारख्या सुगंधी द्रव्यांचा काढाही येतो. म्हणजे ज्याच्या नावाने मी शुद्धतेचा झेंडा फडकवत होते, त्याला या सगळ्याचं वावडं नव्हतं. चहा, आलं, लवंग, तुती, सगळी औषधंच, फक्त पेले वेगवेगळे.

आज आपण बघतो तो हिरवागार माचा मात्र जपानचीच करामत. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे झुडपांवर आच्छादन घालून ऊन तोडायचं. उन्हाअभावी पानात हरितद्रव्य वाढतं आणि चव मऊ होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस क्योतोजवळच्या ऊजीत ही पद्धत होती, असं तिथल्या पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या लिखाणातून कळतं. सेन नो रिक्यूने चहापानाला जी साधेपणाची शिस्त लावली तीही त्याच शतकातली. ती सुंदर आहे, यात वादच नाही. पण ती एक आवड आहे, निसर्गनियम नव्हे, हे मला आत्ता उमगलं.

आणि आपल्याकडे? आपल्या देशात चहा इंग्रजांनी मळे लावल्यावर आला, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलेय. आसामातले मळे १८३० नंतरचे, हे बरोबरच आहे. पण १६८९ मध्ये ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला, त्याने १६९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलंय की इथले बनिये चहा पितात, पाण्यात उष्ण मसाले उकळून, खडीसाखर घालून, आणि चोखंदळ मंडळी तर मुरवलेली लिंबं घालून! डोकेदुखीवर आणि पोटाच्या मुरड्यावर तो चांगला समजत. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी १६६४ ची. तिच्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांनी त्याच शहरात फळ आणि मसाल्याचा चहा चालू होता. पान चीनचं, रीत इथली.

आता कृती. लेकीची आणि माझी मिळून ठरलेली, दोन पेल्यांची. अर्ध्या सफरचंदाच्या पातळ फोडी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, तेवढंच ठेचलेलं आलं, दोन लवंगा आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा तुकडा दोन पेले पाण्यात झाकून दहा मिनिटं मंद उकळायचा. गॅस बंद करून गूळ विरघळवायचा, गाळायचं, आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, कारण उकळत्या पाण्याने माचा कडूजहर होतो. ऐंशी अंशाच्या आसपास पाणी हवं. प्रत्येक वाडग्यात एक सपाट चमचा माचा गाळणीने चाळून घ्यायचा (गुठळ्या पाण्यात मोडत नाहीत), दोन चमचे पाणी घालून पेस्ट करायची, मग बाकीचं ओतून मागे-पुढे भराभर घुसळायचं. गोल गोल ढवळलं तर फेस येत नाही. संत्र्याचा रस घालू नका, सालच घाला. आम्ही एकदा रस घातला तर हिरवा रंग पाहता पाहता खाकी झाला. आंबटपणाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, त्याचा हा परिणाम. दिसायला अगदी... हो, तेच. मोरीतलं पाणी.

पहिला घोट घेतला आणि आधी नाकात साल आली. गच्ची, सूप, सकाळचं ऊन. मी काही बोलले नाही. लेकही बोलली नाही, तिने फक्त माझा पेला पुन्हा भरला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. थांग काळातले साधे लोक चहात काय घालत हे ज्या ग्रंथातून आपल्याला कळतं, तो त्यांना नावं ठेवणाऱ्याचाच. पिणाऱ्यांनी लिहून ठेवलं नाही, त्यांना त्यात लिहिण्यासारखं काही वाटलंच नसेल. आत्याच्या चहाचंही तसंच झालं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. कृती कोणी लिहून घेतली नाही. मला जे आठवतं ते माझ्या तक्रारीतून आठवतं. साली तरंगत होत्या, आणि काहीतरी काळं काळं होतं.

ते काळं काय होतं? लू यूच्या यादीतली बोरं वाचल्यापासून मला वाटतंय की वाळवलेली बोरं असावीत, तिच्या परसात बोरीचं झाड होतं. पण मनुका असतील, मोठी वेलचीही असेल. अमरावतीच्या मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल आणि त्या चहाचे घोट घेतले असतील, तर जरूर कळवा. मी तो कधी प्यायलेच नाही.

सुपात साली वाळत घातल्या आहेत.