वंशावळीत लेकीचं नाव कुठंय?

मी धाराशिवहून बोलतेय.

२०२३ पासून आपल्या मराठवाड्यात 'वंशावळ' हा शब्द घरोघरी पोचला. कुणबी नोंदी शोधताना पोरांनी खापरपणजोबांपर्यंतची नावं मोबाईलमध्ये टाइप केली. पण त्या झाडावर लेकी बहुधा नसतात. म्हणून आज एका वेगळ्या घराण्याची गोष्ट सांगते.

आडनाव ट्रिंदाद. शब्द पोर्तुगीज, अर्थ ख्रिस्ती धर्मातलं 'त्रैक्य'. माणसं मात्र इथलीच, गोव्याची. तिथं १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. ख्रिस्ती झालेल्या घरांना आडनावंही त्यांचीच मिळाली.

आंतोनियो शावियर ट्रिंदाद यांचा जन्म १८७० चा, सांगे गावचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि पुढे तिथंच शिकवू लागले. तैलरंगातली माणसांची चित्रं ही त्यांची ताकद. पत्नी फ्लोरेंतिना यांनाही त्यांनी चितारलं. १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९३५ मध्ये ते गेले.

मग कला संपली का? नाही ना! लेक आंजेला (१९०९–१९८०) हिनं ब्रश उचलला. तीही जे. जे.चीच. वडिलांची नक्कल तिनं केली नाही. तिची मरियम साडीत दिसते, भारतीय बाई वाटते. पुढं तिनं त्रिकोणांतून चित्रं रचली आणि त्या शैलीला नाव दिलं 'ट्रिंदादिझम'. म्हणजे बघा, बापाचं आडनाव कलेत कायम केलं ते लेकीनं!

हे एकच उदाहरण नाही बरं का. जे. जे.मध्येच शिकवणारे महादेव धुरंधर (१८६७–१९४४) घ्या. त्यांची लेक अंबिका धुरंधर हीसुद्धा चित्रकार झाली.

आता नेहमीच्या पद्धतीनं या दोन्ही घराण्यांचा वृक्ष काढला, तर नेमकी चित्रकार लेकच गळते. कागद पूर्ण दिसेल, पण वारसा कुठून कुठं गेला ते कळणारच नाही.

दाखल्यासाठी वडिलांकडची साखळी लागते, ते ठीक. पण घरासाठी दुसरी प्रत काढा. तीत आज्या, आत्या, मावश्या येऊ द्या. कुणाची गोधडी गावात नावाजलेली, कुणाला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ, तेही नावापुढं लिहा. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल. आज संध्याकाळीच विचारा!