शटरची जन्मखूण

जुन्या भात्याच्या कॅमेऱ्याची तपासणी डोळ्यांपेक्षा कानानं चांगली होते. लेन्सभोवतालची चकती एक सेकंदावर आणायची, बाजूची छोटी कळ ताणायची, कॅमेरा कानाशी धरायचा आणि खटका दाबायचा. शटर धडधाकट असेल तर बारीक, एकसुरी घर्रर्र ऐकू येते आणि शेवटी ‘टक्’. आजारी असेल तर ती घरघर निम्म्यात अडखळते, पाती अर्धवट उघडी राहतात आणि टिचकी मारली की दमेकऱ्यासारखी पुन्हा चालू लागतात. आवाज घड्याळाचा वाटतो, कारण आत खरोखरच घड्याळ बसवलेलं असतं.

ते तिथं बसलं १९१२ साली, म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यात. त्यांच्या आधीच्या ‘कॉम्पाउंड’ शटरमध्ये वेळ मोजण्याचं काम एका इवल्या नळकांड्यात कोंडलेली हवा करायची. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा रेटला की तो जसा हळूहळू उतरतो, तशीच ही युक्ती. पण नळकांडं मळलं किंवा झिजलं की हवेचं गणित चुकायचं. नव्या ‘कॉम्पुर’मध्ये हवेची जागा दातेरी चाकांनी घेतली. ‘कॉम्पाउंड’मधला ‘कॉम्प’ आणि घड्याळी यंत्रणेसाठीचा जर्मन शब्द ‘उर्वेर्क’ यांच्या जोडातून हे नाव झालं, असं सांगतात. १९२९ च्या रोलायफ्लेक्सपासून असंख्य घडीच्या कॅमेऱ्यांपर्यंत कॉम्पुर पोचलं. त्याच्याबरोबर घड्याळाचं दुखणंही पोचलं: तेल सुकतं आणि चाकांत त्याचा डिंक होतो.

त्यावर घरगुती इलाज करणारे बहुधा दाराच्या बिजागरीला सोडतात तसं शिलाई मशीनचं तेल आत सोडतात. शटर दोन दिवस सुरेख चालतं. मग तेल ओघळून पात्यांवर पसरतं. ही पाती म्हणजे एकमेकांवर सरकणारे पोलादाचे पातळ तुकडे. ती कोरडीच चालायला हवीत. तेल लागलं की पाण्यात भिजलेल्या पत्त्यांसारखी एकमेकांना चिकटतात. जाणता कारागीर आधी लायटरमध्ये घालतात त्या पेट्रोलनं चाकांची माळ धुतो, पाती पुसून कोरडी करतो आणि शेवटी सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल चाकांच्या आसांना लावतो. मोडलेला भाग बदलण्याची वेळ क्वचितच येते. कॉम्पुरच्या बहुतेक आजारांचं औषध आंघोळ हेच आहे.

मुळात १८३९ साली दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीचा गाजावाजा झाला, तेव्हा शटर नावाचा प्रकारच नव्हता. लेन्सचं टोपण काढायचं, मिनिटं मोजायची, टोपण लावायचं. काचपट्ट्या झटपट चित्र टिपू लागल्या तेव्हा हात कमी पडला आणि यंत्राची गरज लागली. आपल्याकडे शटर म्हटलं की दुकानाचंच आठवतं, आणि ती तुलना इथं चक्क लागू पडते. ओटोमार आन्शुट्झनं १८८८ मध्ये ज्या प्रकाराचं पेटंट घेतलं त्यात काचपट्टीच्या अगदी पुढून एक कापडी पडदा धावायचा, आणि त्याला असायची एक फट. दुकानाच्या शटरच्या वरच्या नळीत जशी स्प्रिंग असते, तशीच स्प्रिंगची नळी पडदा गुंडाळून घ्यायची. फट जितकी अरुंद, तितका प्रत्येक जागी उजेड कमी वेळ. याचा एक गमतीदार पुरावा जाक-आन्री लार्तीगनं फ्रान्समधल्या मोटार शर्यतीत काढलेल्या प्रसिद्ध फोटोत आहे. चाकं लंबगोल होऊन एका बाजूला कललेली दिसतात, कारण पडद्याची फट उभी सरकत असताना गाडी पुढं निघून गेली होती.

ऑस्कर बार्नाकनं हाच पडदा मुठीत मावेल इतका लहान केला. वेट्झलारच्या लायट्झ कारखान्यात १९१३-१४ च्या सुमारास त्यानं केलेल्या पहिल्या नमुन्यात फट कायम उघडी होती, त्यामुळे फिल्म पुढं सरकवताना लेन्स झाकावी लागे. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका बाजारात आला तोवर दोन पडदे झाले होते. ताणताना ते एकमेकांवर चढून फट बंद ठेवत आणि सुटताना ठरलेलं अंतर राखून धावत. वरच्या वेगांना पडद्यांची धाव तीच राहते, बदलते ती फक्त त्यांच्यामधली फट. १/१००० सेकंदाला ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरते.

नेमकं तिथंच दुखणं दबा धरून बसतं. पहिल्या पडद्याच्या नळीतलं वंगण सुकलं की तो किंचित रेंगाळतो, दुसरा मागून येऊन त्याला गाठतो आणि फट वाटेतच मिटते. १/६० ला काढलेले फोटो ठीक येतात आणि १/१००० ला मात्र चौकटीची एक बाजू निगेटिव्हवर कोरी, म्हणजे प्रिंटवर काळी. नवशिका अशा वेळी स्प्रिंगचा ताण वाढवतो. फोटो सुधारतात, पण आता दोन्ही पडदे सुकलेल्या वंगणाशी जोरानं झटू लागतात आणि कापडाच्या चिकटवलेल्या कडा सुटायला लागतात. आधी सफाई, मग वंगण, ताण सगळ्यात शेवटी, हा क्रम ज्यानं पाळला नाही त्यानं लायका उघडूच नये.

पडद्याचं कापडही आजारी पडतं. त्यावरचं रबर भेगाळलं की उजेडाचे ठिपके फिल्मवर उतरतात, आणि ते प्रत्येक चौकटीत त्याच जागी असतात. लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत पडद्यामागं टॉर्च धरला की चाळणीतून दिसावं तसं दिसतं. त्यात लायकाला पडद्यापुढं आडोसा धरणारा आरसा नाही. टोपण न लावता तो उन्हात ठेवला तर भिंगानं कागद जाळायचा शाळकरी खेळ पडद्यावर घडतो. भोकावर काळा रंग लावणं म्हणजे ठिगळ: रंगाचा थर जाड झाला की पडदा ताठरतो आणि वेग पुन्हा बिघडतो. खरा उपाय नवा पडदा. तो चिकटवताना कड नळीशी जराही तिरकी झाली तर फटही तिरकी.

लायट्झच्या पेटंटांना बगल द्यायची म्हणून झाइस इकॉननं १९३२ च्या कॉन्टॅक्समध्ये कापड टाळलं. हाइन्झ क्युपेनबेंडरनं पितळी पट्ट्यांची झडप केली. आडवी न जाता ती उभी धावायची, म्हणजे दुकानाच्या शटरचं पुरतं भावंडच. जळायची भीती संपली. पण दोन झडपांना जोडणारी गोष्ट नाजूक निघाली: रेशमाच्या दोन फिती. पितळ अजून धडधाकट असतं आणि फीत कुजून तुटलेली असते, हीच कॉन्टॅक्सची नेहमीची तक्रार. महायुद्धानंतर या कॅमेऱ्याची यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएत संघाकडे गेली आणि १९४७ पासून कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात तोच कॅमेरा ‘कीव्ह’ नावानं बनू लागला. माणसं, भाषा, राज्यव्यवस्था सगळं बदललं, फिती तेवढ्या टिकून राहिल्या. म्हणजे तुटत राहिल्या.

भारतात होमाई व्यारावाला यांच्या हातातला स्पीड ग्राफिक वेगळ्या तऱ्हेचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या छायाचित्रकारानं रोलायफ्लेक्सबरोबर तोही वापरला. स्पीड ग्राफिकच्या एकाच लांब पडद्याला वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक फटी असतात. फट निवडायची, स्प्रिंगला पीळ द्यायचा आणि कॅमेऱ्यावरच्या तक्त्यात वेग शोधायचा. यात चाकांचं घड्याळ नाही, त्यामुळे डिंक होण्याची तक्रारही नाही. स्प्रिंग मात्र वयानुसार थकते आणि तक्ता खोटं बोलू लागतो.

मग वेग खरा आहे की नाही हे कळायचं कसं? कारागिरांची एक युक्ती घराघरातल्या पेटीनं पुरवली. दूरदर्शनच्या काळातल्या टीव्हीवर एक ठिपका ओळीमागून ओळ रेखत सेकंदाला ५० वेळा वरून खालपर्यंत जायचा. कॅमेऱ्याची पाठ उघडून, चालू टीव्हीकडे रोखून शटर दाबलं की १/१०० ला साधारण अर्ध्या पडद्याइतका उजळ पट्टा दिसे, १/२०० ला पाव. लायकाचे पडदे आडवे धावत असल्यानं हा पट्टा तिरका दिसायचा. तो एका टोकाला निमुळता झाला की निदान झालं. आताच्या सपाट टीव्हीत तो धावता ठिपकाच नाही. मोबाइलचं संथ चित्रण एक सेकंद किंवा अर्धा सेकंद तपासायला पुरतं. वरच्या वेगांना उजेड मोजणारा संवेदक लागतो.

काही दुखणी वापरणाऱ्याच्या हातून होतात. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेल्या झोर्की-४ चा वेग बदलायचा असेल तर आधी शटर ताणायचं, मग चकती फिरवायची. उलट केलं तर आतली खुंटी चुकीच्या जागी जोर खाते आणि यंत्रणा अडकते. कॉम्पुर-रॅपिड शटरच्या कॅमेऱ्यात १/५०० साठी एक जादा स्प्रिंग कामाला लागते, म्हणून तो वेग शटर ताणण्याच्या आधीच लावायचा; ताणल्यावर चकती रेटली तर ती हट्टानं अडते. दोन्ही कॅमेरे एकाच पिशवीत घेऊन फिरणारा माणूस कधी ना कधी घोटाळा करतोच. दुरुस्तीच्या टेबलावर वाकलेली खुंटी सरळ करणारा कारागीर मग एवढंच विचारतो, ‘पिशवीत दुसरा कुठला आहे?’