सोनं की बेंटेक्स? दागिना घेताना, मोडताना या खुणा पाहा

नांदेड/लातूर : लग्नसराईत दागिना करायचा अन् पेरणीच्या तोंडावर तोच गहाण ठेवायचा, हे गावाकडं नवं नाही. पण बँकेत गेल्यावर 'हे सोनं नाही' असं कळलं, तर बी-बियाण्याची सोयच बुडते. म्हणून खरं-खोटं घेतानाच ओळखलेलं बरं.

बेंटेक्स अन् 'एक ग्रॅम'

बोलीत ज्याला बेंटेक्स म्हणतात तो पितळ किंवा तांब्यावर मुलामा दिलेला दागिना. 'एक ग्रॅम'चा दागिनाही मुलाम्याचाच असतो. नावावरून त्यात ग्रॅमभर सोनं आहे असं धरू नये. अंगावर घालायला काही वाईट नाही, पण मोडीला त्याची किंमत येत नाही. मुलामा आधी उडतो तो कडीजवळ, फाशावर आणि घासणाऱ्या मागच्या बाजूला. तिथं लालसर किंवा हिरवट झाक दिसली की समजावं.

घरगुती परीक्षा किती खरी?

लोहचुंबकाला दागिना चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. पण पितळ-तांबंही चिकटत नाही, त्यामुळं न चिकटणं म्हणजे सोनं नव्हे. वजनाचा अंदाज उपयोगी पडतो : २२ कॅरेट सोनं तेवढ्याच आकाराच्या पितळेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतं. मात्र आजीच्या बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. ती हलकी लागली म्हणून खोटी नाही. मोडताना लाखेचं वजन तेवढं वजा होतं. कसोटीच्या दगडावर वरचाच थर घासला जातो, त्यामुळं जाड मुलामा तिथंही फसवतो.

हॉलमार्कच्या तीन खुणा

१) बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह.
२) शुद्धता : २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५.
३) अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा एचयूआयडी बंधनकारक आहे. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी केंद्राचं नाव दिसतं. हातात बांगडी अन् ॲपवर अंगठी दिसली, तर व्यवहार तिथंच थांबवा. 'केडीएम' हा शुद्धतेचा शिक्का नाही. तो कॅडमियमच्या डाकाशी संबंधित शब्द आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही.

जुना, बिनशिक्क्याचा दागिना असेल तर?

बीआयएस मान्यताप्राप्त केंद्रात ग्राहकालाही तपासणी करून घेता येते. चार नगांपर्यंत २०० रुपये, त्याहून जास्त असतील तर नगाला ४५ रुपये, कर वेगळा. हॉलमार्कचं सोनं कमी शुद्धतेचं निघालं, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी वजन, कॅरेट अन् घडणावळ वेगवेगळी लिहिलेली पक्की पावती जपून ठेवा.

'खोदकामात सापडलेलं सोनं'

स्वस्तात माळ देतो म्हणणारा आधी एक मणी तपासायला देतो. तो खरा असतो. पैसे घेऊन हातात पडते ती माळ पितळेची. गंजगोलाईत असो की गावच्या बाजारात, सगळा दागिना तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. कुणी असा सौदा घेऊन आलं, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.