गोखले, गोपाळ कृष्ण : परदेश दौरे (१९०५–१९१४)

भारतीय राष्ट्रसभेचे माजी अध्यक्ष, नेमस्त पक्षाचे पुढारी व म. गांधींचे राजकीय गुरू गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६–१९ फेब्रुवारी १९१५) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या केलेल्या वाऱ्या आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा केलेला दौरा. यांपैकी आफ्रिकेचा दौरा विशेष महत्त्वाचा आहे. परदेशातल्या भारतीय मजुरांचे गाऱ्हाणे या दौऱ्याने दोन सरकारांच्या दारात नेले.

इंग्लंडच्या वाऱ्या : गोखले पहिल्यांदा विलायतेला गेले ते १८९७ मध्ये, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी. ती साक्ष गाजली. पण पुण्यातील प्लेगबंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या जुलमांविषयी तेथे काढलेले उद्गार पुराव्यानिशी सिद्ध करता न आल्याने त्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. जहालांनी ती माफी पुढे बरीच वर्षे त्यांच्या तोंडावर मारली.

१९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना केल्यावर ते राष्ट्रसभेच्या वतीने लाला लजपतराय यांच्यासह इंग्लंडला गेले. तेथून आल्यावर त्याच डिसेंबरात बनारसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. इंग्लंडात उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला आणि जॉन मोर्ले भारतमंत्री झाले, तेव्हा राज्यसुधारणांची खटपट करण्यासाठी गोखले १९०६ व १९०८ मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांच्या आधीच्या वाटाघाटींत त्यांचा वाटा होता. पुढे सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगाचे सभासद म्हणून १९१३ व १९१४ मध्येही त्यांना इंग्लंडला जावे लागले.

दक्षिण आफ्रिकेतील प्रश्न : नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेले जात. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख लोक तेथे गेले. पाच वर्षांचा करार संपल्यावर मजुराने मायदेशी परतावे किंवा पुन्हा करार करावा, अशी गोऱ्या वसाहतवाल्यांची इच्छा होती. स्वतंत्रपणे राहू पाहणाऱ्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसविण्यात आला. पुढे तो सोळा वर्षांवरील मुलगे व तेरा वर्षांवरील मुली यांनाही लागू झाला. नवरा, बायको, एक मुलगा व एक मुलगी अशा घराला वर्षाकाठी १२ पौंड भरावे लागत. गिरमिटियाचा पहिल्या वर्षाचा पगार मात्र महिन्याला १० शिलिंग, म्हणजे वर्षाला ६ पौंड असे. पुन्हा करारावर अंगठा उठविण्यावाचून मजुराला गत्यंतर उरू नये, हाच या कराचा हेतू होता. ट्रान्सव्हालमध्ये आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा ‘काळा कायदा’ होता व त्याविरुद्ध गांधींचा सत्याग्रह चालू होता.

गोखल्यांनी हा प्रश्न आधीच हाती घेतला होता. नाताळला गिरमिटिया मजूर पाठविणे बंद करावे, हा त्यांचा ठराव २५ फेब्रुवारी १९१० रोजी केंद्रीय कायदेमंडळात मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. गिरमिट पद्धती समूळ बंद करण्याचा त्यांचा मार्च १९१२ चा ठराव मात्र सरकारी मतांनी पडला.

दौरा : १९१२ च्या उन्हाळ्यात गोखले इंग्लंडात होते. तेथून ‘सॅक्सन’ बोटीने निघून ते २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनला उतरले. त्यांच्यापाशी कोणताही सरकारी अधिकार नव्हता, तरी दक्षिण आफ्रिकेच्या संघसरकारने त्यांना पाहुण्याचा मान दिला. प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा आणि दिमतीला एक अधिकारी दिला. गांधींनी चिटणीस, दुभाषी व सेवक अशी तिन्ही कामे सांभाळली.

केपटाऊनच्या सभेनंतर किंबर्लीची हिऱ्यांची खाण पाहून गोखले जोहान्सबर्गला पोहोचले. स्टेशनावरील कमान गांधींचे वास्तुविशारद स्नेही हेर्मान कालेनबाख यांच्या कल्पनेतून उभी राहिली होती. शहराच्या महापौरांनी स्वागत केले व आपली मोटार त्यांच्या दिमतीस दिली. तेथील भारतीयांनी दिलेले मानपत्र रँडच्या खाणीतील सोन्याच्या पत्र्यावर कोरून ऱ्होडेशियातील सागवानी फळीवर बसविले होते. पत्र्यावर हिंदुस्थान व सिलोन यांचा नकाशा आणि बाजूच्या एका पट्टीवर ताजमहाल होता. शहरातल्या मेजवानीला चारशेच्या आसपास लोक बसले. त्यांत दीडशेच्या घरात गोरे होते. मद्याचा थेंब नव्हता आणि सगळे जेवण शाकाहारी होते. गोऱ्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने भारतीयांच्या पंक्तीला बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

याच मेजवानीसाठी आपले गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले उपरणे गोखल्यांना खांद्यावर घ्यायचे होते. ते चुरगळलेले होते आणि परटाकडे पाठवायला सवड नव्हती. इस्त्री मी करतो, असे गांधी म्हणाले. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, परीटकामावर नाही, अशा अर्थाची चेष्टा गोखल्यांनी केली. गुरूची आठवण असलेले वस्त्र डागाळेल याची त्यांना धास्ती होती. इस्त्री नीट झाल्यावर मात्र त्यांनी मोकळ्या मनाने पसंती दिली.

जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान व मराठी हिंदू यांची बरीच वस्ती होती. गोखल्यांनी त्यांच्यापुढे मराठीत बोलावे, असा आग्रह गांधींनी धरला. गांधींना मराठीचा गंधही नव्हता, आणि तरी भाषणाचा हिंदीत अनुवाद करायला ते तयार होते. गोखल्यांना हसू आवरेना. पण विषय ठाऊक असल्याने मथितार्थ बिघडू देणार नाही, हे गांधींचे म्हणणे शेवटी त्यांनी मान्य केले. त्यानंतर झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलले.

कालेनबाख यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिलेल्या टॉलस्टॉय फार्मवरही गोखले राहून आले. लॉली स्टेशनापासून दीड मैलाची वाट चालताना पावसाने गाठले व मधुमेहाने आधीच खंगलेल्या गोखल्यांना सर्दी बाधली. स्वयंपाकघर लांब असल्याने त्यांच्यासाठी केलेले सूप खोलीत येईपर्यंत निवून जाई. सगळे जण जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी आपल्यासाठी आणलेली खाट बाहेर काढायला लावली व अंथरूण खाली घालून घेतले. पाय चेपून देण्याची गांधी व कालेनबाख यांची विनवणीही त्यांनी धुडकावली.

नाताळात न्यूकॅसल, डंडी, पीटरमॅरिट्झबर्ग व डर्बन येथे सभा झाल्या. तीन पौंडांच्या कराखाली भरडलेल्या मजुरांच्या कहाण्या गोखल्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. आफ्रिकी काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांची ओहलांगे येथील उद्योगशाळाही त्यांनी पाहिली.

प्रिटोरियाची भेट : १४ नोव्हेंबर १९१२ रोजी गोखले पंतप्रधान लुई बोथा, जनरल स्मट्स व गृहमंत्री फिशर यांना भेटले. या भेटीसाठी चारही प्रांतांतील कायद्यांचे टिपण गांधींनी करून दिले होते. मुद्दा निसटू नये म्हणून गोखल्यांनी रात्र जागून त्याची उजळणी केली व गांधींची उलटतपासणी घेतली. गांधी मात्र मुद्दामच भेटीला गेले नाहीत. त्यांच्या उपस्थितीने जुने वाद उकरले जातील व गोखल्यांना मोकळेपणाने बोलता येणार नाही, असे त्यांना वाटत होते.

सुमारे दोन तासांनी गोखले परतले ते समाधानाने. काळा कायदा रद्द होईल, प्रवेशाच्या कायद्यातील वांशिक भेद जाईल व तीन पौंडांचा कर उठेल, तेव्हा वर्षाच्या आत हिंदुस्थानला परत या, असे त्यांनी गांधींना बजावले. गांधींना मंत्र्यांची खात्री वाटत नव्हती. तरीही सरकारने तुम्हाला शब्द दिला, एवढीच गोष्ट पुढच्या लढ्याला बळ देईल, असे त्यांचे मत होते.

परतीचा प्रवास व टीका : गांधी व कालेनबाख झांझिबारपर्यंत गोखल्यांसोबत बोटीवर होते. डिसेंबरात मुंबईस परतल्यावर १४ तारखेला टाउन हॉलमध्ये त्यांची जाहीर सभा झाली. त्याच महिन्यात बांकीपूर येथे भरलेल्या राष्ट्रसभेतही ते या प्रश्नावर बोलले. नव्या भारतीयांच्या अनिर्बंध प्रवेशाची मागणी सोडून, तेथे असलेल्यांच्या हक्कांवर भर देण्याची गोखल्यांची भूमिका सर्वांना रुचली नाही. हे पडते घेणे आहे, अशी टीका देशातील काही वृत्तपत्रांनी केली.

वचनभंग व परिणाम : १९१३ मध्ये स्मट्स यांनी संसदेत सांगितले, की नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्याने कर उठविता येत नाही. त्याच वर्षी एका न्यायनिवाड्याने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह बेकायदा ठरले. गोखल्यांना दिलेला शब्द मोडला गेल्यामुळे तीन पौंडांचा कर सत्याग्रहाच्या मागण्यांत आला आणि आजवर लढ्याबाहेर असलेले गिरमिटिया त्यात उतरले. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी संप केला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी निघालेल्या मोर्च्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती.

गोखले आजारी असूनही देशभर निधी गोळा करीत राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासमध्ये सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखविली. चार्ल्स अँड्र्यूज व विली पिअर्सन या भारतहितैषी इंग्रजांना गोखल्यांनी आफ्रिकेस पाठविले. चौकशी आयोग बसला आणि १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द होऊन भारतीय विवाहांना मान्यता मिळाली.

अखेरचा प्रवास : १९१४ च्या उन्हाळ्यात गोखले इस्लिंग्टन आयोगाच्या कामासाठी लंडनला होते. या सुमारास देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा प्रकृतीसाठी फ्रान्सला गेलेले गोखले पॅरिसमध्ये अडकून पडले, आणि त्यांना भेटायला ६ ऑगस्टला लंडनला पोहोचलेल्या गांधींना वाट पाहावी लागली. ऑक्टोबरचे धुके न सोसल्याने गोखले गांधींच्या आधी मायदेशी परतले. गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस उतरले. नंतर दीड महिन्याच्या आत पुण्यात गोखल्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : प्रिटोरियातील आश्वासन गोखल्यांनी लेखी घेतले नाही, ही त्यांच्या नेमस्त मार्गाची उघडी बाजू होय. सभ्य माणसाच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला आणि सरकारने तो फिरवला. तथापि मजुरांचा प्रश्न त्यांनी वाटाघाटींच्या मेजावर आणला नसता, तर १९१३ च्या लढ्यात मजूर एवढ्या संख्येने उतरलेच नसते. तीन पौंडांचा कर अखेर मोर्चा व संप यांच्यामुळे उठला. त्या लढ्याला नैतिक आधार पुरविला तो या चार आठवड्यांच्या दौऱ्याने.